सोन्याच्या पाण्यात दादाचं बोट

बोट बुडवलं, बाहेर काढलं, जिभेला लावलं आणि दादा डोळे मिटून उभा राहिला. मी ओरडेपर्यंत निकालही लागला होता. ‘चव नाही,’ तो म्हणाला.

वहिनी, साष्टांग नमस्कार. नमस्कार आधी आणि हकिगत मागून, हा क्रम मला ठाऊक आहे. पण काल सकाळपासून ते बोट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, तेव्हा कागदावरही तेच आधी आलं. तुमची कंबर कशी आहे? वाकून झाडू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुम्ही झाडत असालच. तुमच्या चष्म्याची दांडी दुरुस्त झाली का? झाली नसेल तर हे पत्र शेजारच्या काकूंना वाचायला देऊ नका, ते खाजगी आहे. आम्ही दोघं बरे आहोत. दादाची झोप चांगली आहे, हे मी शेजारच्या खोलीत झोपत असल्यामुळे खात्रीनं सांगू शकतो. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणता, आणि तुमच्या ‘बरं’ पुढे मला काही सुचत नाही. (काल मी जो फोन केला त्याबद्दल शेवटी लिहितो. धीर धरा.)

तुम्ही मला अनेकदा विचारलंत की मी दिवसभर करतो तरी काय. मी ‘संशोधन’ म्हणायचो आणि तुम्ही ‘बरं’ म्हणायचात. आता नीट सांगतो, कारण त्याशिवाय दादाच्या बोटाचं गांभीर्य कळणार नाही. काचेच्या छोट्या पेल्यात तळाशी सोन्याची चकती ठेवायची, शर्टाच्या बटणाएवढी. वर बोटभर पाणी. (बोटभर हे माप, बोट नव्हे.) मग त्या चकतीवर लेसरचा झोत सोडायचा. झोत सलग नसतो, ठोके असतात, आणि एकेक ठोका इतका आखूड की त्याच्यापुढे पापणी लवणं म्हणजे मोठी सुट्टी. ठोका बसला की पाण्यातून टिचकी मारल्यासारखा आवाज येतो, चकतीवरून सोन्याची चिमूटभरसुद्धा नाही अशी वाफ उडते, पाणी तिला जागच्या जागी गार करतं आणि तिचे कण होतात. केसाच्या जाडीवर असे हजारो कण एका ओळीत बसतील. गंमत पुढेच आहे. इतकं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही. लाल होतं. चकतीतून लाल धूर निघाल्यासारखा दिसतो, तो पाण्यात वळसे घेत वर येतो, आणि तासाभरात सगळं पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं होतं. चकती तराजूत घातली तर तराजूला काही कळलेलं नसतं. मी हे इतकी वर्षं पाहतो आहे आणि अजून रोज थोडा वेळ काम सोडून बघत बसतो. याला मी संशोधन म्हणतो.

असे कण रसायनं घालून करणारे लोकही आहेत, आणि ते आमच्यापेक्षा स्वस्तात करतात. पण त्यांच्या कणांच्या अंगावर त्या रसायनांचे कपडे राहतात. आमचे कण उघडे. स्वच्छ, पण उघडे, आणि उघड्या पोरांचं जे होतं तेच त्यांचं होतं, कशानंही बाधतं. विशेषतः मिठानं. जरा जास्त मीठ लागलं की ते एकमेकांना चिकटतात. चिकटले की पाणी जांभळं, मग निळं, आणि मग तळाशी काळा गाळ. एकदा चिकटले की आमच्या विनवण्यांना ते दाद देत नाहीत.

आता हे कण कुणाला हवेत, तर पट्टीवाल्या बाईंना. दोन रेघा उमटल्या की घरात आनंद किंवा रडारड होते ती पट्टी तुम्हाला माहीत आहे. (शेजारच्या सुनेचं तुम्ही पट्टीशिवाय ओळखलं होतंत, सगळ्यांच्या आधी.) त्या लाल रेघा म्हणजे सोन्याचेच कण असतात. या बाईंचा पट्ट्यांचा छोटा कारखाना आहे, त्या आता मूत्रपिंडाच्या एका आजारासाठी नवी पट्टी करताहेत, आणि त्यांचं जे औषध कणावर बसायला हवं ते कपड्यांवर बसत नाही, त्याला उघडं अंग लागतं. म्हणजे आमचंच. पण कण लाल राहिले पाहिजेत. आमचे राहत नव्हते. कुठला पेला चांगला निघायचा, कुठला दोन दिवसांत सुस्तावायचा, आणि का ते आम्हाला कळत नव्हतं. आज त्या बाई शेवटचं बघायला येणार होत्या. त्यांनी माल घेतला तर आमची खोली राहते. नाही घेतला तर ती शेजारच्या गार हवेची यंत्रं बनवणाऱ्या मंडळींना जाते, लेसर गोदामात जातो, आणि मी कुठे जातो ते मला मॅडमनी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. (मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. त्या कमी बोलतात. तुमची आणि त्यांची गाठ पडली तर त्या खोलीत घड्याळाचा आवाज ऐकू येईल.) गार हवेवाल्यांपैकी कुणी ना कुणी रोज दारात उभं राहून आमच्या भिंतीची लांबी नजरेनं मोजून जातं. नमस्कारही करतं.

अशा वेळी तुम्ही दादाला माझ्याकडे पाठवलंत. तुम्ही म्हणालात की निवृत्त झाल्यापासून ते घरात मावत नाहीत, त्यांना काहीतरी करायला द्या, आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका. मी सांगितलं नाही. पण वहिनी, आयुष्यभर पाणीपुरवठ्यात काढलेल्या माणसाला या शहरात करायला काय द्यायचं? आल्या दिवशी त्यानं माझ्या नळाचं पाणी तोंडात फिरवलं आणि थुंकलं. मग खालच्या मजल्यावरच्यांचं चाखलं. मग कोपऱ्यावरच्या चहावाल्याला त्याच्या पाण्याविषयी अशी माहिती दिली की मला आता चहा दोन गल्ल्या पलीकडे जाऊन प्यावा लागतो. घरी एकटा ठेवला तर तो पाण्याच्या टाकीवर चढतो. म्हणून मॅडमना विचारून मी त्याला लॅबमध्ये आणलं. स्टुलावर बसून राहील असं मी सांगितलं होतं. हे मी कुणाविषयी सांगतोय याचा विचार मी करायला हवा होता.

पहिल्याच दिवशी अंगठीवरून अडलं. आमच्याकडे दारातच अंगठ्या, घड्याळं, जे काही चमकतं ते सगळं काढून ठेवावं लागतं. झोत त्यावर आपटून कुणाच्या डोळ्यात गेला तर तो डोळा गेला. दादाची लग्नातली अंगठी निघेना. साबण लावला, तेल लावलं, मॅडमनी दोरा गुंडाळून काढायची एक युक्ती केली. बोट लाल झालं, अंगठी होती तिथेच. शेवटी तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि त्याला आत घेतलं. तो म्हणाला, ही एकदाच घातली, काढायची कशी ते कुणी शिकवलं नाही. हे तुम्हाला कळवावं असं मला वाटलं. त्यानं मला तसं सांगितलेलं नाही.

स्टुलावर तो चहा होईपर्यंत बसला. त्यानंतर मोरीशी जाऊन त्यानं आमच्या बाटल्या धुवायला घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला पद्धत शिकवली. आधी साबण, मग नळाचं पाणी, मग कॅनमधलं शुद्ध पाणी, ज्यात काही म्हणजे काहीही नसतं, त्याचे तीन हात, आणि मग पालथी घालून वाळवायची. दादानं शुद्ध पाण्याचा घोट घेतला आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू कुणी वारल्याची बातमी आली. हे पाणी नव्हे, तो म्हणाला, हे पाण्याचं प्रेत आहे. पण पद्धत त्यानं पाळली. निदान मला तसं वाटलं. त्या दिवसापासून आमच्या मोरीवर बाटल्या अशा चकचकीत पालथ्या पडायला लागल्या की मॅडमनी येता-जाता एकदा मान हलवली. मॅडमची मान म्हणजे दुसऱ्याकडचा सत्कार समजा.

तर, बोट. पट्टीवाल्या बाईंसाठी आठवडाभर खपून जमवलेली बाटली मी उजेडासमोर धरून मॅडमची वाट बघत होतो. दूरध्वनी वाजला म्हणून ती टेबलावर ठेवली. झाकण माझ्या हातात राहिलं. दादा मागून आला. लाल पाणी त्यानं नोकरीत पाहिलं होतं, ते गंजक्या नळाचं, आणि असं पाणी दिसलं की चाखून बघायचं ही त्याची सवय. कसला नळ, किती जुना, हे त्याची जीभ सांगायची म्हणे. या वेळी जिभेनं काही सांगितलं नाही. बोटानं मात्र काम केलं. माझा चहा निवायच्या आत बाटली जांभळी झाली होती. मॅडम आल्या तेव्हा ती निळसर होती, दौत विसळल्यासारखी. त्यांनी ती खिडकीकडे धरली, बराच वेळ बघितलं, आणि दादाकडे वळल्या.

‘बोट धुतलं होतं का?’

‘नाही,’ दादा म्हणाला. ‘दाणे खात होतो.’

‘खारे?’

‘खारे.’

मॅडम खुर्चीवर बसल्या. मी त्यांना दिवसा बसलेलं क्वचितच पाहिलंय.

मी बाहेर गॅलरीत गेलो आणि तुम्हाला तो फोन केला. काय बोललो ते तुम्हाला आठवत असेल. मला शब्द न् शब्द आठवतोय, म्हणून इथे लिहीत नाही. तुम्ही म्हणालात, ‘बरं.’

परत आलो तर दादा मोरीकडे तोंड करून लॅबमधली झाडून सारी भांडी धूत होता. धुतलेली, न धुतलेली, मॅडमचा चहाचा कपसुद्धा. पाठमोरा तो हुबेहूब बाबांसारखा दिसतो, हे मला पहिल्यांदाच कळलं. पुढून नाही दिसत. मी त्याला काही बोललो नाही. बोलायचं ते मी तुमच्याशी बोलून बसलो होतो, आणि ते त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे मला जास्तच जड गेलं. मॅडम उठल्या, म्हणाल्या, उद्यापर्यंत वेळ आहे, पुन्हा करू. मी दादानं धुतलेला पेला घेतला (एरवी पेले मीच धुतो), त्यात चकती ठेवली, कॅनमधलं पाणी भरलं, आणि दार लावून घेतलं. झोत चालू असताना दाराबाहेर लाल दिवा लागतो आणि आत कुणी येत नाही. दादा त्या दिव्याखाली स्टूल टाकून बसला. त्यानं कुणालाही सोडलं नाही. आमच्या मोठ्या साहेबांनाही नाही. साहेबांनी आपण कोण ते सांगितलं म्हणे. दादानं सांगितलं की समोरचा कोण हे तो विचारतच नाहीये, दिवा लागलाय का एवढंच बघतोय. गार हवेवाले दोघं भिंत बघायला आले होते, त्यांना त्यानं त्यांच्याच भिंती बघायला परत पाठवलं.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा पेल्यातलं पाणी मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही पाण्यापेक्षा स्वच्छ लाल होतं. त्यात जांभळेपणाची छटासुद्धा नव्हती. मॅडमनी थोडं काढून तपासणीच्या यंत्रात घातलं. ते यंत्र कागदावर एक टेकडी काढून देतं. कण लहान-मोठे मिसळलेले असले की टेकडी पसरट, जेवून आडवं झालेल्या माणसासारखी. आमची नेहमी तशीच असायची. कालची उभी होती. मॅडमनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. ती पुन्हा उभी राहिली.

आज सकाळी त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि विचारलं, वेगळं काय केलंत? मी म्हणालो, काहीच नाही. दादाला वाटलं कालच्या चौकशीचा हा दुसरा भाग आहे, आणि तो एकदम कबूल झाला. बाटल्या तो पद्धतीप्रमाणेच धुवायचा, तीन हात शुद्ध पाण्याचे, सगळं. फक्त सगळ्यात शेवटी, आम्ही बघत नसताना, एकदा नळाचं पाणी फिरवून झटकून टाकायचा, आणि काल पेल्यालाही त्यानं तेच केलं होतं. का, तर काचेला शेवटचा स्पर्श मेलेल्या पाण्याचा असू नये. जिवंत पाण्याचा असावा. मी डोकं धरलं. मॅडमनी धरलं नाही. त्या उठून मोरीकडे गेल्या.

मग दुपारपर्यंत आम्ही तेच केलं. एक पेला अगदी स्वच्छ, एक दादानं झटकलेला. स्वच्छ पेल्यातली टेकडी आडवी, दादाची उभी. शुद्ध पाण्यात नळाचा एखादा थेंब गेला तर त्यातला नावापुरता क्षार प्रत्येक कणाभोवती असा बसतो की कण एकमेकांना दूर ठेवतात, वाढायच्या आधीच आवरतात. मॅडमनी असं काहीसं सांगितलं. तेच जास्त झालं की उलटं. हे ऐकून दादाची छाती फुगली आणि तो म्हणाला, मग चांगलं वाटीभर घाला ना. मॅडमनी त्याच्या समाधानासाठी घातलं. पाणी डोळ्यांदेखत निळं झालं. दादा म्हणाला, या शहराच्या पाण्यात तेवढा दम नाही, आमच्याकडचं असतं तर बघितलं असतं. वहिनी, तो चुकत होता, आणि तरीही सगळं त्याच्यामुळेच झालं होतं. असं त्याचं पहिल्यांदा होत नाहीये, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मॅडमनी मग जुने छापील लेख काढले आणि वाचून दाखवलं की हे दुसऱ्यांना आधीच ठाऊक आहे, थोड्या क्षारानं कण सुधारतात हे केव्हाचं छापून आलंय, आपणच वाचलं नव्हतं. मला जरा लाज वाटली. दादाला मुळीच वाटली नाही.

‘म्हणजे त्यांच्याकडेही कुणाचा तरी भाऊ राहायला आला असणार,’ तो म्हणाला.

मॅडम हसल्या. मी तिथे लागल्यापासून हे पहिल्यांदाच झालं. त्या स्वतःही जरा दचकल्या.

पट्टीवाल्या बाई चार वाजता आल्या. बाई ठेंगण्या, खांद्यावर मोठी पिशवी, आणि कशावरच विश्वास नाही असा चेहरा. त्यांनी टेकडीचा कागद बघितला आणि बाजूला ठेवला. लाल बाटली बघितली आणि बाजूला ठेवली नाही. त्या म्हणाल्या की लॅबमध्ये सगळंच टिकतं, त्यांच्या पट्ट्या लॅबमध्ये राहत नाहीत, लोकांच्या घरात राहतात, जिथे फोडण्या बसतात आणि पोरं नाक पुसतात. ही बाटली रात्रभर एखाद्या स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवा. सकाळी अशीच लाल असली तर वर्षभर माल घेईन, नसली तर नमस्कार. झाकणावर त्यांनी कागदाची पट्टी डकवली आणि तिच्यावर सही केली. कुणाचं स्वयंपाकघर, हा प्रश्न आला. मॅडमच्या घरी मांजरं आहेत, ती फळीवरचं सगळं, खाली पडल्यावर काय होतं ते बघण्यासाठी, ढकलतात. उरलो मी. बाईंनी विचारलं, तुमच्या घरी कोण असतं? म्हटलं, मी आणि माझा भाऊ. तेवढ्यात दादा त्यांच्यासाठी चहाचा कप धुऊन घेऊन आला आणि मॅडमनी नको असताना कालची सगळी हकिगत त्यांना सांगितली. बाईंनी दादाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

‘भाऊ म्हणजे हेच?’

‘हेच,’ मी म्हणालो.

‘मग तिथेच ठेवा. तिथे टिकलं तर कुठेही टिकेल.’

म्हणून, वहिनी, आत्ता ती बाटली माझ्या स्वयंपाकघरात साखरेच्या आणि चहाच्या डब्यांमध्ये आहे. मिठाचा डबा मी खाली घरमालकिणीकडे ठेवायला दिलाय. त्यांनी कारण विचारलं, मी ‘संशोधन’ म्हटलं. आम्ही बिनमिठाचं जेवलो. दादानं तक्रार केली नाही, दोनदा वाढून घेतलं. तो स्वयंपाकघरात पाऊल टाकायला तयार नाही. पाणी हवं असलं तरी बाहेरून मागतो आणि मी नेऊन देतो, आणि ज्या पाण्याला तो आल्यापासून नावं ठेवतोय ते मुकाट पितो. हात मांड्यांखाली घेऊन बसलाय. मधूनमधून विचारतो, ‘आहे का?’ मी म्हणतो, ‘आहे.’ मग थांबून विचारतो, ‘रंग?’ मी उठून बघून येतो आणि म्हणतो, ‘लाल.’ मी लिहायला लागलो की पुन्हा विचारतो. या पत्रातली वाक्यं मध्येच तुटलेली वाटली तर तिथे मी बाटली बघायला गेलो होतो असं समजा.

आता जे लिहायला बसलो ते. तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा खिडकीची खोली तुमची होती. तशी ठरलीच होती. मी तेव्हा शाळेत होतो, मला परीक्षा होती, आणि तुम्ही आठवड्याच्या आत तुमची पेटी उचलून मधल्या खोलीत गेलात, जिथे दिवसाही दिवा लावावा लागायचा. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात की तुम्हाला उजेडात झोप येत नाही. मी ते खरं मानलं. इतकी वर्षं मानत होतो. काल सकाळी गार हवेवाला दारात उभा राहून आमची खोली मोजत होता, आणि ती खरंच जाईल असं मला पहिल्यांदा वाटलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की नवी नवरी खिडकीची खोली सोडते म्हणजे काय सोडते. तुम्ही दिलेल्या उजेडात बसून मी जे शिकलो ते आज फळीवर लाल दिसतंय. आणि ज्याच्याशेजारी तुम्ही अंधारात झोपलात तो बाहेर हात दाबून बसलाय. मी तुमचा ऋणी आहे असं लिहायला घेतलं होतं, पण ते फार छापील दिसलं म्हणून खोडलं. (खोडलेलं दिसतंय. राहू द्या.)

कमरेला जपा. मोठ्यांना माझा नमस्कार सांगा, लहानांच्या पाठीवर माझ्या वतीनं एकेक धपाटा.

तुमचा,
शेंडेफळ

ता. क. माझा कालचा फोन झालाच नाही असं समजा. ‘त्याला काहीही कारण सांगून परत बोलवा, छप्पर गळतंय म्हणा, पण उद्याच्या उद्या बोलवा’ असं जो कुणी बोलला तो मी नव्हतो, रागावलेला कुणीतरी होता. छप्पर गळत असलं तरी त्याला बोलवू नका, छप्पर मी येऊन बघीन. मॅडमनी आज विचारलं की तुमचे भाऊ अजून किती दिवस आहेत. मी म्हणालो, वहिनींना विचारून सांगतो. बाटल्या धुवायला त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाहीत. खरं तर कॅनमधल्या पाण्यात नळाचे किती थेंब हे त्यांनी मोजून ठेवलंय, आता दादाची गरज उरलेली नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. दादाला माहीत नाही. त्याला राहू द्या. एवढंच मागायला हे सगळं लिहिलं.

आणखी ता. क. फोनबद्दल त्याला कधीही कळू देऊ नका.

शेवटचा ता. क. ते खारे दाणे तुम्हीच त्याच्या पिशवीत घातले होते. तेव्हा बाटली बिघडवण्याचं श्रेय तुमचं, आणि ती बिघडली म्हणून दुसरी करावी लागली, त्याचंही तुमचंच. आणखी दाणे पाठवू नका. पाठवलेत तर बिनमिठाचे.

सकाळ. हे पत्र टाकायला निघालो तर दारात तुम्ही. तुम्ही आत्ता तोंड धुताय, तेवढ्यात लिहितो. दादानं विचारलं, इतक्या सकाळी कशी आलीस, आणि तुम्ही म्हणालात, छप्पर गळतंय. माझ्याकडे पाहिलं नाहीत. दादा म्हणाला, मग तिकडे भांडं ठेवायचं सोडून इकडे काय, आणि तुम्ही म्हणालात, ‘बरं.’ तहान लागली म्हणून तुम्ही सरळ स्वयंपाकघरात गेलात, फळीवरची बाटली दिसली, हात पुढे केलात. दादा दारातून म्हणाला, ‘हात लावू नकोस.’ तुम्ही हात मागे घेतलात. मग तो आत आला आणि तुमच्या शेजारी उभा राहून दोघांनी ती बघितली. लाल आहे. दादा ती कापडात गुंडाळून पट्टीवाल्या बाईंकडे घेऊन गेलाय. मी मालकिणीकडून मीठ आणायला खाली जातो. पत्र टेबलावर ठेवतोय.